अलीगंजातला चार सेकंदांचा हिशेब

२५ जून २०२५ रोजी दुपारी बारा वाजून एक मिनिटाने फ्लोरिडातील केनेडी अवकाश केंद्रावरून फाल्कन-९ झेपावले आणि लखनऊच्या अलीगंज भागातील अनेक घरांतून एकाच वेळी टाळ्यांचा आवाज उठला. ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला हे राकेश शर्मा यांच्यानंतर ४१ वर्षांनी पृथ्वीच्या कक्षेत जाणारे दुसरे भारतीय, आणि आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर पाऊल ठेवणारे पहिले. त्यांचे शालेय शिक्षण अलीगंजातलेच, सिटी मॉन्टेसरी स्कूलच्या तिथल्या शाखेत झालेले. त्यामुळे बडा मंगलचे भंडारे संपून पंधरा दिवस होत आले असतानाही त्या दुपारी गल्लीत पुन्हा सरबताचे ग्लास फिरले. ज्या हनुमान मंदिरामुळे हा उत्सव या भागात रुजला, त्याच्या कळसावर चंद्रकोर आहे. बाहेरून येणाऱ्याला ती चकित करते, अलीगंजकराला तिच्यात काही विशेष वाटत नाही.

या गल्लीतील एका मराठी घरात मात्र टाळ्यांनंतर कपाट उघडले गेले. लखनऊला मराठी माणूस नवा नाही. विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये येथे संगीताचे मॅरिस कॉलेज निघाले आणि श्रीकृष्ण रातंजनकर यांनी त्याचे प्राचार्यपद दीर्घकाळ सांभाळले. या घराचा संगीताशी संबंध नाही. घरातील वडील निवृत्त भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, मुलगी शाळेत संगणक शिकवते. आई सहा वर्षांपूर्वी गेली. कपाटातून निघाली ती एक व्हीएचएस कॅसेट, पाठीवर निळ्या शाईत लिहिलेली: ‘ग्रहण, इरादतगंज’.

२४ ऑक्टोबर १९९५. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशीची ती सकाळ होती. राजस्थानातील नीम का थाना, फतेहपूर सिक्री, अलाहाबादजवळचे इरादतगंज आणि बंगालमधील डायमंड हार्बर अशी खग्रासाची अरुंद पट्टी भारतावरून गेली. लखनऊ या पट्टीबाहेर होते, म्हणून ही मंडळी भाड्याची जीप आणि भाड्याचा कॅमेरा घेऊन आदल्या रात्रीच निघाली. १९८० च्या फेब्रुवारीत कर्नाटकापासून ओडिशापर्यंत खग्रास झाले तेव्हा पुष्कळशा लोकांनी दारे-खिडक्या लावून घेतल्या होत्या. पंधरा वर्षांनी लोक शेतात चटया टाकून सूर्याची वाट पाहत बसले. विज्ञानप्रसाराच्या खात्यावर जमा धरावा असा हा बदल आहे, आणि त्याची जेवढी नोंद व्हायला हवी होती तेवढी झालेली नाही. शुभांशु तेव्हा नुकतेच दहा वर्षांचे झाले होते.

खग्रास स्थिती एका मिनिटाच्या आसपास टिकली. कॅसेटमध्ये ते एक मिनिट आहे, आणि त्या मिनिटात आईचा आवाज आहे. संमीलनाच्या क्षणी ती “गेला, गेला! अहो, बघा!” म्हणते, मग सगळे गप्प होतात, दूरवर एक कुत्रे भुंकते, आणि उन्मीलनाच्या क्षणी, हिऱ्याची अंगठी चमकताच, “अगं बाई, आला!” एवढेच. बाकीच्या नव्वद मिनिटांत जीपमधला प्रवास, फराळाचे डबे आणि कोणाच्या तरी चपलांचे लांबलचक चित्रण आहे, कारण कॅमेरा चालू असल्याचे धरणाऱ्याच्या लक्षात आले नव्हते.

ही कॅसेट वाईला पाठवायची होती. आईची थोरली बहीण वाईला राहते. वय ब्याऐंशी, नजर अधू, कान मात्र शाबूत. तिच्याकडे जुना पेटीसारखा दूरचित्रवाणी संच आणि त्याला जोडलेला डीव्हीडी प्लेअर आहे. त्यात पेनड्राइव्ह घालण्याची सोय नाही. तबकडी सारायची आणि हिरवे बटण दाबायचे, एवढे तंत्रज्ञान मावशींनी आत्मसात केलेले आहे आणि त्यापुढे जाण्याची त्यांना गरज वाटलेली नाही. तेव्हा डीव्हीडीच करायची, आणि त्यात एका टोकाला १९९५ चे ग्रहण, दुसऱ्या टोकाला २०२५ ची गल्लीतली टाळ्यांची दुपार, असे ठरले.

मुलीच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स होते. कॅप्चर कार्डाने कॅसेट संगणकात उतरवली, आणि पुढचे सारे काम तिने काळ्या पडद्यावर आज्ञा टंकून करायचे ठरवले. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरने २००० मध्ये सुरू केलेले एफएफएमपेग हे साधन चित्र-ध्वनीचे रूपांतर करते; त्याला ‘लक्ष्य: पाल-डीव्हीडी’ एवढे सांगितले की ते एमपेग-२ चित्र, ४८ किलोहर्ट्झचा एसी-३ ध्वनी, ७२० बाय ५७६ चा आकार आणि सेकंदाला २५ चित्रे हे सारे स्वतःच ठरवते. त्यानंतर डीव्हीडीऑथर नावाचे दुसरे साधन या फायलीला प्लेअरला कळणाऱ्या मांडणीत बसवते. तिसरे साधन त्याची प्रतिमा करते, चौथे तबकडीवर जाळते. ऐकायला चार ओळींचे काम. त्याला अकरा रात्री लागल्या.

पहिली रात्र क्षुल्लक कारणाने गेली. डीव्हीडीऑथरने काम करण्यास नकार दिला: चित्राचे मूळ प्रमाण कोणते, पाल की एनटीएससी, हे गृहीत धरणार नाही, स्पष्ट सांगा. भारतात १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वेळी रंगीत दूरदर्शन आले ते पाल पद्धतीचे. त्यामुळे उत्तर घरात सर्वांना ठाऊक होते, फक्त ते यंत्राला कोठे सांगायचे हे ठाऊक नव्हते. एका पर्यावरण-चलात ‘पाल’ एवढा शब्द ठेवल्यावर तक्रार मिटली.

दुसऱ्या अडचणीत मात्र थोडे भौतिकशास्त्र होते. कॅसेट दोन टप्प्यांत उतरवली असल्यामुळे दोन फायली झाल्या होत्या. मुलीने त्या एकापुढे एक चिकटवल्या. लिनक्सवर दोन मजकूर-फायली जोडण्याची जी जुनी, साधी आज्ञा आहे, तीच येथे वापरली. डीव्हीडीऑथरने मध्यावर काम थांबवले आणि कळवले: एससीआर मागे सरकत आहे, पुन्हा मल्टिप्लेक्स करा. वडील चष्मा पुसत शेजारी येऊन बसले.

“मागे सरकतंय म्हणजे काय गं?”

“घड्याळ, बाबा. फायलीतलं घड्याळ.”

एमपेग प्रवाहात चित्राचे तुकडे आणि ध्वनीचे तुकडे एकाआड एक विणलेले असतात, आणि प्रत्येक गठ्ठ्यावर वेळेचा शिक्का असतो. हा शिक्का सेकंदाला दोन कोटी सत्तर लाख ठोके देणाऱ्या घड्याळाचा, म्हणजे २७ मेगाहर्ट्झचा. हा आकडा लहरीने निवडलेला नाही. याच्या निम्मी, १३.५ मेगाहर्ट्झ, ही अंकीय दूरचित्रवाणीची नमुने घेण्याची गती आहे. पाल पद्धतीत एका चित्रात ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चित्रे, म्हणजे सेकंदाला १५,६२५ रेषा; प्रत्येक रेषेवर ८६४ नमुने घेतले की बरोबर १,३५,००,००० होतात. अमेरिकेच्या ५२५ रेषांच्या पद्धतीत ८५८ नमुन्यांनी हाच आकडा येतो. न जुळणाऱ्या दोन जगांना एका ठोक्यावर आणणारी ही संख्या आहे. वडिलांनी हा गुणाकार वर्तमानपत्राच्या कडेला करून पाहिला आणि तो जुळल्यावर त्यांचा चेहरा असा खुलला की जणू तबकडी तयारच झाली.

दोन फायली नुसत्या चिकटवल्या की पहिलीचे घड्याळ पंचेचाळीस मिनिटांवर पोचते आणि पुढच्याच गठ्ठ्यावर शून्याचा शिक्का येतो. प्लेअरच्या दृष्टीने काळ उलटा फिरला. उपाय असा की दोन्ही फायली जोडणाऱ्या सोयीतून एकत्र आणायच्या आणि सबंध प्रवाहाचे शिक्के नव्याने मारायचे. मुलीने मात्र घाईत आडवाट घेतली. तिने चित्र वेगळे काढले, ध्वनी वेगळा काढला, आणि दोन्ही नव्याने विणले. डीव्हीडीऑथर गप्प बसला. तक्रार थांबली म्हणजे चूक गेली, हा समज प्रयोगशाळांतही पुष्कळांचे पुष्कळ महिने खातो.

तिसरी अडचण ध्वनीची नव्हे, अंधाराची होती. आपल्या आईच्या चित्राला कमी जागा मिळू नये म्हणून मुलीने बिटांची कमाल मर्यादाच काढून टाकली होती. गणिताने जागा पुरत होती: ४.७ गिगाबाइटची तबकडी नव्वद मिनिटांवर वाटली तर सेकंदाला सरासरी सुमारे ७० लाख बिट मिळतात. पण सरासरी पुरली तरी क्षण पुरत नाहीत. प्लेअरमध्ये चित्रासाठी मानकाने धरलेले साठवणीचे भांडे केवळ १८,३५,००८ बिटांचे, म्हणजे सव्वादोन लाख बाइटांच्या आसपासचे असते. खग्रास सुरू होताच ते रिते पडू लागे, आणि एफएफएमपेग पडदाभर ‘बफर अंडरफ्लो’ अशा ओळी छापू लागे. काळोखाला इतके बिट कशाला लागावेत? कारण जुन्या फितीवरचा काळोख काळा नसतो. त्यात करड्या ठिपक्यांची वळवळ असते, आणि ती प्रत्येक चित्रात वेगळी असते. संपीडनाची सारी विद्या ‘आधीच्या चित्रासारखेच आहे’ या वाक्यावर उभी आहे, आणि गोंगाट कधीच आधीसारखा नसतो. निळ्या आकाशापेक्षा असा काळोख साठवणे महाग पडते.

गोंगाट गाळणारी चाळणी लावली. ओळी थांबल्या, चित्र सुरेख गुळगुळीत झाले, आणि वडिलांनी विचारले, “करोना कुठं गेला?” सूर्याभोवतीचा प्रभाकिरीट, ज्यासाठी ही मंडळी रात्रभर जीपमध्ये बसली होती, त्याचा बाहेरचा फिका भाग चाळणीने गोंगाट समजून पुसून टाकला होता. आदित्य-एल१ वरील करोनाग्राफ सूर्यबिंब झाकून रोज जे पाहतो, ते इरादतगंजच्या शेतातून साध्या कॅमेऱ्याने टिपलेले चारदोन करडे ठिपके होते. पण ते खरे ठिपके होते. चाळणी खग्रासापुरती काढली, चपलांच्या भागावर ती हवी तेवढी जोरात लावली, आणि कमाल मर्यादा ८० लाखांवर परत बसवली. चपला किती स्पष्ट दिसतात याविषयी घरात मतभेद नव्हते.

सातव्या रात्री पहिली तबकडी निघाली. ती शेजाऱ्यांच्या जुन्या प्लेअरवर लावली तेव्हा जीप वळताना सारे चित्र थरथरू लागले, जे संगणकावर अजिबात दिसले नव्हते. पालचे प्रत्येक चित्र दोन अर्ध्या चित्रांचे असते, आधी विषम रेषा, मग सम. ती कोणत्या क्रमाने दाखवायची याची खूण उलटी पडली तर प्रत्येक हालचाल एक पाऊल पुढे आणि अर्धे मागे जाते. वरचे क्षेत्र आधी, अशी खूण दुरुस्त केली. ते काम पाच मिनिटांचे होते.

मग खग्रास आले, आणि वडील उठून उभे राहिले.

हिऱ्याची अंगठी चमकली. पडद्यावर ऊन परत आले. एक, दोन, तीन, चार. आणि मग आईचा आवाज आला: “अगं बाई, आला!”

“ती इतका वेळ गप्प बसली नव्हती,” वडील म्हणाले.

संमीलनापर्यंत ध्वनी आणि चित्र जुळलेले होते. उन्मीलनापासून शेवटपर्यंत ध्वनी चार सेकंद मागे होता. मुलीने प्रथम जे केले ते बहुतेक जण करतील. चित्रापेक्षा ध्वनी चार सेकंदांनी लांब आहे, तर सबंध ध्वनी तेवढा आखडून घ्यावा. नव्वद मिनिटांत चार सेकंद म्हणजे हजारात एक भागाहूनही कमी. कानाला कळणार नाही. कळले. आता चूक एका जागी न राहता सगळीकडे वाटली गेली. ग्रहणापूर्वीचे, आधी बिनचूक असलेले बोलणे ओठांच्या पुढे धावू लागले, नंतरचे तरीही मागेच राहिले. संमीलनाच्या आधीच आई “गेला” म्हणू लागली. वडिलांनी तबकडी बाजूला ठेवली आणि त्या रात्री ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कागद घेतला. खग्रासाचा कालावधी हे मत नसते. जागेचे अक्षांश-रेखांश, चंद्राचा व्यास, त्याची गती या साऱ्यांतून तो सेकंदाच्या अंशापर्यंत काढता येतो, आणि १९९५ च्या वहीत त्यांनी तो काढलेलाही होता. ती वही सापडली. तिच्यातला आकडा आणि कॅसेटमधील आईच्या दोन उद्गारांमधले अंतर यांत जेमतेम सेकंदाचा फरक होता, जेवढा तोंडातून शब्द फुटायला लागतो तेवढाच. पडद्यावरचे दोन अंगठ्यांमधले अंतर मात्र चार सेकंदांनी कमी भरले. म्हणजे आवाज खरा होता आणि चित्र तोकडे होते. खग्रासातली चार सेकंद, पाल हिशेबाने शंभर चित्रे, कोठेतरी गळाली होती.

गळाली कशी, हे कॅसेटच सांगत होती. व्हीएचएसमध्ये चित्र फितीच्या रुंदीवर तिरक्या रेघांनी लिहिलेले असते, आणि ते वाचणारे शीर्ष फिरत्या पिंपावर मिनिटाला दीड हजार फेरे घेत असते. साधा ध्वनी मात्र फितीच्या कडेने, सरळ रेषेत, वेगळ्या शीर्षाने लिहिलेला असतो. फीत थांबवून ठेवली की पिंप थांबत नाही. ते त्याच जागेवरून फिरत राहते आणि तिथला चुंबकीय थर घासत राहते. या घरात ती कॅसेट वर्षानुवर्षे दर दिवाळीला लावली जात असे, आणि दर दिवाळीला एकाच मिनिटात थांबवली जात असे, पाहुण्यांना प्रभाकिरीट नीट दिसावा म्हणून. जे सर्वांत आवडते होते तेच सर्वांत अधिक झिजले. कडेचा आवाज या घासणीतून बचावला.

झिजलेल्या जागी कॅप्चर कार्डाला चित्राचा ताल सापडेना, म्हणून त्याने ती चित्रे सोडून दिली. पण सोडताना त्याने लबाडी केली नव्हती. मूळ फायलीतील वेळेचे शिक्के तपासले तेव्हा खग्रासात ठिकठिकाणी उड्या दिसल्या: शिक्का पुढे गेलेला, चित्र नाही. काळाची नोंद शाबूत होती. ती पुसली गेली होती दुसऱ्या अडचणीच्या वेळी, जेव्हा घड्याळ मागे सरकल्याची तक्रार मिटवण्यासाठी मुलीने चित्र वेगळे काढले. सुट्या चित्रप्रवाहात शिक्केच उरत नाहीत, उरते ती फक्त रांग. रांगेतून शंभर जण निघून गेले तरी रांग सलगच दिसते.

“म्हणजे माझंच चुकलं, बाबा.”

“आणि कॅसेट कोणी थांबवून ठेवली? मीच ना?”

ती मूळ फायलींकडे परत गेली. यावेळी शिक्के जपून, स्थिर गतीची अट घालून रूपांतर केले. जेथे चित्र नव्हते तेथे एफएफएमपेगने आधीचेच चित्र पुन्हा ठेवले. खग्रासात प्रभाकिरीट काही ठिकाणी क्षणभर गोठतो. पाहणाऱ्याला ते कळते, आणि कळावे हेच बरे. हरवलेली चित्रे शेजारच्या दोन चित्रांवरून बेमालूम रचून देणारी साधने आज सहज मिळतात. वडिलांनी ती वापरू दिली नाहीत. जुन्या वस्तूंच्या जतनावर संशोधन करणारी राष्ट्रीय प्रयोगशाळा १९७६ पासून लखनऊत आहे, आणि तीही अलीगंजातच. जतनाच्या शास्त्रात एक संकेत पाळतात की भरलेली जागा भरलेली म्हणून ओळखू यावी. वडिलांना तो संकेत माहीत होता की नाही, हे विचारावेसे कोणाला वाटले नाही.

२०२५ च्या दुपारचे मोबाइलवरचे उभे चित्रण दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडून आडव्या चौकटीत बसवले. मोबाइल कधी सेकंदाला तीस चित्रे घेतो, कधी त्याहून कमी, पण आता शिक्क्यांचे महत्त्व घरात सर्वांना पटले असल्याने ते काम एकाच बैठकीत झाले. शेवटचा खोडा तबकडीने घातला. अधिक चिन्हाची कोरी तबकडी जुन्या प्लेअरने ओळखलीच नाही. वजा चिन्हाची घेतली आणि हळू गतीने जाळली, तेव्हा चालली. अकराव्या रात्री उन्मीलनाची अंगठी आणि “अगं बाई” एकाच क्षणी आली. वडिलांनी ते तीन वेळा लावून पाहिले. थांबवले मात्र नाही.

शुभांशु १५ जुलै रोजी कॅलिफोर्नियाजवळच्या समुद्रात उतरले. तबकडी त्याच आठवड्यात स्पीड पोस्टाने वाईला गेली. चार दिवसांनी मावशींचा फोन आला. गल्लीतल्या टाळ्यांविषयी त्या बोलल्या नाहीत, चार सेकंदांचा विषय त्यांना सांगूनही फारसा कळला नाही. कॅसेट थांबवल्यामुळे झिजली, एवढे त्यांनी नेमके धरले होते.

“मग ही पण झिजायची का रे, थांबवली तर? ती ‘अगं बाई’ म्हणते ना, तिथं मी थांबवते.”

“नाही हो. याला काही टेकत नाही. नुसता उजेड पडतो.”

“बरं,” मावशी म्हणाल्या, आणि फोन ठेवण्यापूर्वी पलीकडे प्लेअरचे झाकण आत सरकल्याचा आवाज आला.